परराष्ट्र धोरणाची बखर

परराष्ट्र धोरण हा विषय शिकण्या-शिकवण्यात बरीच वर्षे गेली की संशोधनाचा प्रस्ताव हातात पडताच पुढच्या पानावर काय असेल याचा अंदाज येऊ लागतो. अलीकडच्या प्रस्तावांत हिंद-प्रशांत क्षेत्र असते, क्वाड असतो, दुर्मीळ खनिजे आणि पुरवठासाखळ्या असतात, निर्बंध आणि डॉलरची ताकद असते, नेत्याची देशांतर्गत लोकप्रियता आणि त्याचे परदेशी दौरे यांचा संबंध असतो. विषय चांगलेच आहेत. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये परस्परावलंबन हेच शस्त्र कसे बनते याची मांडणी केली, तेव्हापासून बँकांची जाळी आणि समुद्राखालच्या केबल या गोष्टी आमच्या वर्गात आल्या, हे बरेच झाले. अमिताव आचार्य यांनी ही ज्ञानशाखा पाश्चात्त्यांपुरती राहू नये असा आग्रह धरला, त्यामुळे भारत, आफ्रिका, आग्नेय आशिया यांच्या अनुभवाकडे पाहण्याचे धाडस विद्यार्थ्यांना आले. माझी तक्रार आहे ती प्रस्तावाच्या शेवटाकडे येणाऱ्या ‘साधने’ या मथळ्याबद्दल. तिथे मंत्र्यांची भाषणे, संयुक्त निवेदने, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि निवृत्त राजदूतांची आत्मचरित्रे असतात. म्हणजे सरकारने जगाला जे सांगितले ते, आणि सरकारात बसलेल्यांनी मागाहून स्वतःबद्दल जे सांगितले ते. एवढ्या शिदोरीवर भारताने अमुक निर्णय का घेतला, याचे उत्तर तीनशे पानांत द्यायचे असते. माझे म्हणणे सरळ आहे. सिद्धान्त कितीही नवे येवोत, आपल्याकडचा या विषयाचा अभ्यास अजून बखरीच्या टप्प्यावर आहे, आणि निर्णय होत असताना लिहिलेले कागद जोवर वाचायला मिळत नाहीत तोवर तो तिथून फारसा हलणार नाही.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला फोड करून सांगावा लागत नाही. पानिपताची हकिकत महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या बखरींतून ऐकत होता. त्यात भाऊसाहेबांचा ताठा होता, होळकरांचा सल्ला झिडकारणे होते, दैव होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती, आणि तीच हकिकत निराळी दिसू लागली. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा, म्हणून पुन्हा पुन्हा लिहीत होते. शुजाउद्दौल्याला आपल्या बाजूला वळवण्याची खटपट चालू होती आणि ती फसली. रजपूत अलिप्त राहिले, सूरजमल जाट निघून गेला. पानिपत हा रणांगणावरचा पराभव होण्याआधी राजनयातला पराभव होता, हे त्या पत्रांतून कळते. दिल्लीतले हिंगणे वकील काय कळवत होते, कोणत्या बातमीवर पुण्यात कोणता हिशेब केला जात होता, हे सारे आज आपण ज्याला परराष्ट्र धोरण म्हणतो तेच होते. पुण्याचे पेशवे दप्तर मात्र इंग्रज सरकारने राजवाड्यांच्या पिढीला खुले केले नाही. ते निवडकपणे छापून बाहेर यायला १९३० उजाडावे लागले, गो. स. सरदेसाई यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत त्याचे पंचेचाळीस खंड संपादित केले. परकी सरकार आपल्या जुन्या कागदांना का जपत होते ते समजण्यासारखे आहे. स्वतःच्या सरकारबद्दल तसे म्हणता येत नाही.

१९६२ ची आपल्याकडची हकिकत ही अगदी बखरीच्या साच्यातली आहे. भोळे नेहरू, अहंकारी कृष्ण मेनन, ताठ मानेने चुकीचे हुकूम सोडणारे जनरल कौल, आणि आधीच इशारा देऊन ठेवलेला पण कुणी न ऐकलेला शहाणा. यातले काही खरे असेलही. पण लष्कराने स्वतः केलेली चौकशी, म्हणजे लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा १९६३ चा अहवाल, आजही अधिकृतपणे गोपनीय आहे. ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्याकडे त्याची प्रत होती. तिच्या आधारे त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून दोषाचा मोठा भाग भारताच्या माथी मारला, आणि २०१४ मध्ये अहवालाचा काही भाग स्वतःच इंटरनेटवर टाकला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत त्यांचा प्रतिवाद करू पाहणाऱ्या भारतीय अभ्यासकाला मूळ अहवाल उघडून दाखवायची सोय नव्हती. गुप्ततेचा फायदा कुणाला झाला? १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी केनेडींना लागोपाठ दोन पत्रे लिहून स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या आणि रडार मागितले, तीही अमेरिकन वैमानिक आणि तंत्रज्ञांसह. अलिप्ततावादाचा अर्थ काय, या प्रश्नावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावीत अशी ती पत्रे आहेत. त्यांचा संपूर्ण मजकूर अभ्यासकांच्या हाती आला तो कित्येक दशकांनी, आणि तोही अमेरिकेतल्या संग्रहातून.

कागद आले की प्रश्न सुटतो असे मात्र नाही, आणि हे शिकायला मला वाटले होते त्यापेक्षा जास्त काळ लागला. पुष्कळदा कागदाने उत्तर मिळत नाही, प्रश्न बदलतो. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वाचे उदाहरण घ्या. एक पक्ष म्हणतो, ताटात वाढलेली जागा नेहरूंनी चीनला देऊन टाकली. दुसरा पक्ष म्हणतो, असा देकार कधी आलाच नव्हता. यासाठी तो सप्टेंबर १९५५ मध्ये नेहरूंनी लोकसभेत दिलेल्या उत्तराचा दाखला देतो. ऑगस्ट १९५० मध्ये विजयालक्ष्मी पंडित यांनी वॉशिंग्टनहून पाठवलेले पत्र आणि त्यावरचे नेहरूंचे उत्तर प्रकाशात आले, तेव्हा दोन्ही पक्षांची पंचाईत झाली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात चीनच्या जागी भारत बसवण्याची चर्चा होती, ती भारतीय राजदूतांच्या कानावर घातली गेली आणि नेहरूंनी तीत रस घेतला नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनीही सहाव्या जागेची गोष्ट काढून पाहिली. म्हणजे काहीच नव्हते असे नाही, पण ज्याला देकार म्हणावे असेही नव्हते; सनदेत दुरुस्ती करायची तर पाचही कायम सदस्यांची संमती लागते आणि १९५० साली कोरियात युद्ध पेटलेले होते. आता वाद घालायचा तो नेहरूंनी दिली की नाही दिली यावर नव्हे. चीनला बाहेर ठेवून उभी राहिलेली जागतिक व्यवस्था भारताला परवडणार नाही, हा त्यांचा अंदाज बरोबर होता का, यावर घालायचा. हा वाद निदान शहाण्या माणसांना घालता येण्यासारखा आहे.

बखरीवर सिद्धान्त उभा केला तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतातले नाही. ऑक्टोबर १९६२ मधल्या क्यूबाच्या पेचप्रसंगावर आमच्या शास्त्राची निम्मी पाठ्यपुस्तके उभी आहेत. ग्रॅहम ॲलिसन यांचा १९७१ चा ग्रंथ याच तेरा दिवसांवर आहे आणि परराष्ट्र धोरणाचे विश्लेषण कसे करावे हे जगभरचे विद्यार्थी त्यावरून शिकले. त्या काळी सर्वांना ठाऊक असलेली हकिकत अशी होती की केनेडी ठाम राहिले आणि ख्रुश्चेव्ह माघारी वळले. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबरच्या रात्री रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना तुर्कस्तानातली अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा शब्द दिला होता. अट एवढीच की याची वाच्यता करायची नाही. रॉबर्ट केनेडींच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून हा सौदा पुसट करण्यात आला होता, हे त्याचे संपादन करणारे थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत मान्य केले. पुढे बैठकांच्या ध्वनिफितींचे उतारे छापले गेले आणि ॲलिसन यांना १९९९ मध्ये ग्रंथाची नवी आवृत्ती काढावी लागली. यात त्यांची चूक काढायची नाही. त्यांच्याकडे जे होते त्यातून त्यांनी उत्तम काम केले. पण ठाम राहिले की समोरचा नमतो, हा धडा दोन पिढ्यांनी ज्या घटनेवरून घेतला, तिच्यात देवाणघेवाण झालेली होती. कोरियाच्या युद्धाचेही तेच. ते कुणी सुरू केले यावर चाळीस वर्षे वाद झाला आणि १९९४ मध्ये रशियाने दक्षिण कोरियाला काही कागद दिले, त्यांतून किम इल सुंगचा लकडा आणि १९५० मध्ये स्टालिनने दिलेली संमती स्पष्ट झाली. वादातल्या दोन्ही बाजूंचे कितीतरी चलाख युक्तिवाद एका दिवसात निकामी झाले.

आता आपल्या घराकडे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७ चे नियम यांनुसार पंचवीस वर्षांपेक्षा जुने, जपण्याजोगे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. अमेरिकेत परराष्ट्र व्यवहाराची कागदपत्रे १८६१ पासून खंडाखंडाने छापली जातात आणि तीस वर्षांच्या आत ती छापावीत असा १९९१ पासून कायदाच आहे. ब्रिटनने तीस वर्षांची मुदत टप्प्याटप्प्याने वीसवर आणली. आपल्याकडे कायदा आहे, मुदत आहे आणि पळवाटही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे कागद संस्थेकडे नाहीत, आणि १५१ मंत्रालये व विभागांपैकी फक्त ३६ जणांनी आपले अभिलेख तिच्याकडे सोपवले आहेत. जनपथावरच्या त्या वाचनालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ‘एन. टी.’ ही दोन अक्षरे पाठ असतात. सूचीत फाइलचा क्रमांक सापडतो, विषय तोच असतो, वर्षही तेच. मागणीची चिठ्ठी परत येते आणि तिच्यावर ही अक्षरे असतात. फाइल हस्तांतरित झालेली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ती मंत्रालयात आहे, वाळवीने खाल्ली, की आगीत गेली, हे चिठ्ठी सांगत नाही. माहितीच्या अधिकाराचीही इथे फारशी मदत होत नाही. त्या कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी असे कलम आहे, पण परदेशांशी असलेल्या संबंधांना बाध आणणारी माहिती त्यातून वगळलेली आहे. बाध येतो की नाही हे ठरवणार तेच खाते. अलीकडे संगणकीकरण बरेच झाले, घरबसल्या पुष्कळ पाहता येते, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण जे कपाटातून निघालेच नाही त्याचे संगणकीकरण कसे होणार?

यामुळे आपल्या राजनयाचा इतिहास बराचसा खासगी कपाटांवर चालला आहे. १९७१ ची प्रसिद्ध हकिकत आहे: एप्रिल महिन्यातच इंदिरा गांधींना युद्ध हवे होते आणि माणेकशांनी बाणेदारपणे नकार दिला. श्रीनाथ राघवन यांनी पी. एन. हक्सर यांच्या तीन मूर्ती भवनात जपलेल्या कागदांच्या आधारे २०१३ मध्ये दाखवले की राजकीय नेतृत्वालाही त्या वेळी तातडीचे युद्ध नको होते. निर्वासितांचा प्रश्न जगापुढे मांडून दबाव आणण्यावर भर होता. हक्सरांनी कागद जपले नसते तर? १९६५ च्या युद्धाबाबत यशवंतराव चव्हाण यांची रोजनिशी आहे आणि त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी तिच्यावर आधारलेले पुस्तक लिहिले, म्हणून संरक्षणमंत्र्याच्या दालनात काय चालले होते ते थोडेफार कळते. खात्याच्या फाइलींतून ते कळत नाही. व्यक्तीच्या टापटिपीवर देशाची स्मृती अवलंबून असणे हे काही बरे लक्षण नाही. त्यातून एक विचित्र अन्यायही होतो. नेहरूंचे निवडक लेखन आणि पत्रव्यवहार शंभर खंडांत छापलेला आहे, इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो. साहजिकच कुणालाही त्यांची चूक तारीख-वारासह काढता येते. त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांचा असा संग्रह छापलेला नाही, त्यामुळे त्यांचे निर्णय एकतर मुत्सद्देगिरी ठरतात किंवा धाडस. ज्याने कागद मागे ठेवले तोच दोषी ठरतो, हे नंतरच्यांनी नीट ओळखलेले दिसते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चीनबरोबरचा सीमावाद मिटलेला नाही, पाकिस्तानबरोबरचे प्रश्न लटकलेले आहेत. आपल्या जुन्या टिपणांतले एखादे वाक्य समोरचा वाटाघाटीत आपल्याच विरुद्ध वापरेल. याला आपल्याच इतिहासात पुरावा आहे. सप्टेंबर १९५९ मध्ये नेहरूंनी चीनबरोबरचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपात संसदेपुढे ठेवला आणि पुढेही तो क्रम चालू ठेवला. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी १९६० मध्ये पुराव्यांची छाननी केली, त्याचा जाडजूड अहवाल भारताने फेब्रुवारी १९६१ मध्ये छापून टाकला. लोकशाहीत याहून मोकळा व्यवहार काय असणार? पण प्रत्येक पत्र छापून येणार म्हटल्यावर ते पत्र पेकिंगसाठी कमी आणि लोकसभेसाठी जास्त लिहिले जाऊ लागले. तडजोडीची वाट अरुंद होत गेली, त्याचे हेही एक कारण होते असे माझे मत आहे. तेव्हा चालू वाटाघाटीचे कागद उघडा, असे मी म्हणत नाही. पंचवीस वर्षे ही मुदत अगदी बेताची वाटते. पण १९६२ ला साठ वर्षे उलटून गेली. आणि आपण कागद दडवले म्हणजे गोष्ट गुप्त राहते, हा भ्रम आहे. वॉशिंग्टन, लंडन आणि मॉस्को इथले कागद लोक वाचतातच. चीनच्या परराष्ट्र खात्याने २००४ मध्ये आपला संग्रह काही वर्षे खुला केला आणि २०१२-१३ च्या सुमारास पुन्हा आवळून घेतला. त्या मधल्या फटीत ज्यांनी नकला करून घेतल्या त्यांच्या जोरावर आज पुस्तके लिहिली जातात. भारताचा इतिहास त्यामुळे लिहिला जायचा थांबत नाही. तो इतरांच्या राजदूतांनी भारताविषयी धाडलेल्या तारांवरून लिहिला जातो, आणि त्या तारांत भारतीय अधिकारी नेहमी उपदेश करणारा, संशयी आणि चिडका असतो.

दुसरा आक्षेप असा, की कागदही खोटे बोलतात. अधिकारी फाइलवर लिहितो ते उद्या आपल्यावर शेकू नये म्हणून. खरे बोलणे चहाच्या वेळी होते. हे शंभर टक्के खरे आहे. सरकारी फाइलीला टिपणीची एक बाजू असते आणि पत्रव्यवहाराची दुसरी, आणि टिपणीत ‘चर्चेनुसार’ हा शब्द आला की नेमकी चर्चाच हरवलेली असते. पण बखरीचे खोटे आणि कागदाचे खोटे यांत फरक आहे. कागदाच्या खोट्याला तारीख असते, ते कुणाला तरी उद्देशून असते, त्याच्यावर दुसऱ्याने शेरा मारलेला असतो, त्याची प्रत तिसऱ्या खात्यात गेलेली असते आणि तिथल्या माणसाला ते खोटे चालवून घेण्यात रस नसतो. त्यामुळे ते पकडता येते. १९७१ मध्ये व्हाइट हाऊस उघडपणे तटस्थतेची भाषा करत होते. ढाक्यातले त्यांचेच महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये पाठवलेली निषेधाची तार आणि निक्सन-किसिंजर यांच्या संभाषणांच्या फिती शेजारी ठेवल्या की त्या तटस्थतेचे काय झाले ते वेगळे सांगावे लागत नाही. आत्मचरित्राच्या बाबतीत हे जमत नाही. पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत लेखक नेहमीच शेवट माहीत असलेला माणूस असतो.

तिसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा, आणि मला तोच सर्वांत आवडतो, कारण त्यामागे खरी मेहनत असते. ते म्हणतात, एकेक फाइल वाचत बसण्याचा काळ गेला. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये युद्धांची मोजदाद सुरू केली, तेव्हापासून हा विषय आकड्यांकडे सरकतो आहे. आता तर संगणक लाखो भाषणे वाचून देशांचा कल सांगतो. आमसभेतल्या मतदानावरून कोण कुणाच्या किती जवळ हे दशांश चिन्हापर्यंत काढता येते. यातून मोठे प्रवाह दिसतात हे मान्य. परंतु २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, पाच विरोधात गेले आणि भारतासह ३५ तटस्थ राहिले. त्या रकान्यात भारत, चीन, पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिका एकाच ओळीत बसतात. या चौघांची कारणे एक होती असे कुणीही म्हणणार नाही, पण तक्ता तेवढेच जाणतो. १९५६ मध्ये हंगेरीवरच्या ४ नोव्हेंबरच्या ठरावावरही भारत तटस्थ होता, आणि त्याबद्दल नेहरूंवर दुटप्पीपणाचा आरोप आजही होतो, सुएझवर आवाज चढवला आणि बुडापेस्टवर गप्प बसले म्हणून. मतदानाचा तक्ता हा आरोप पक्का करतो. पण त्याच महिन्यांत हंगेरीतले विचारवंत भारतीय दूतावासाशी संपर्क ठेवून होते. इश्तवान बिबो यांनी तयार केलेला तोडग्याचा मसुदा राजदूत के. पी. एस. मेनन यांच्यापर्यंत पोहोचवण्यात अर्पाद गोंत्स यांचा हात होता, आणि तेच गोंत्स तुरुंगवास भोगून १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. मौन ही भारताची भूमिका होती की पडद्यामागच्या मध्यस्थीची किंमत होती, हे आकड्यांना विचारता येत नाही. कागदांनाही ते पूर्ण सांगता येईलच असे नाही, पण त्यांना निदान विचारता येते.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आजचे निर्णय फोनवर होतात, संदेश आपोआप पुसले जातात, दोन नेते दुभाष्यांखेरीज कुणालाही बरोबर न घेता तळ्याकाठी फिरतात. एप्रिल २०१८ ची वुहान भेट आणि ऑक्टोबर २०१९ ची मामल्लपुरमची भेट अनौपचारिक होती, त्यांतून संयुक्त निवेदन निघाले नाही. पुढे गलवान झाले. या दोन भेटींत काय बोलले गेले, कुणाचा कोणता गैरसमज झाला, यावर २०४५ साली प्रबंध लिहू पाहणाऱ्याने कुठे जायचे? इलेक्ट्रॉनिक फाइली आल्या आहेत, त्यांवर कुणी कधी काय लिहिले याची नोंद आपोआप राहते, ही जुन्या फाइलींपेक्षा मोठी सोय आहे. पण पंचवीस वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडणारे कुणी असेल का, हा प्रश्न अभिलेखशास्त्र जाणणारी माणसे आतापासून विचारत आहेत. त्यांचे म्हणणे धोरण ठरवणाऱ्यांच्या कानावर फारसे गेलेले दिसत नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे आणि मोहिमांचे इतिहास पाच वर्षांत संकलित करण्याचे आणि कागद मुदतीनंतर अभिलेखागाराकडे देण्याचे धोरण जाहीर केले, ही त्यातली एक चांगली खूण.

तोवर विद्यार्थ्यांनी काय करावे? क्वाडचे भवितव्य दहा वर्षे थांबू शकते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अभ्यासकाच्या दाराशी एक विषय पडून आहे आणि त्याची साधने बरीचशी खुली आहेत: डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोव्यात सैन्य का पाठवले, आणि तेव्हाच का? ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या तेव्हा पाठवले नाही, त्यानंतर सहा वर्षे पाठवले नाही. बखरीतली उत्तरे तयार आहेत. नेहरूंचा संयम सुटला, हे एक. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते आणि त्यांना विजय हवा होता, हे दुसरे. ते त्या काळच्या वर्तमानपत्रांत भरपूर सापडते. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतवादावर परिषद भरली आणि आफ्रिकी नेत्यांनी भारताच्या दिरंगाईवर बोट ठेवले, हे तिसरे. २४ नोव्हेंबरला अंजदीवजवळ ‘साबरमती’ बोटीवर गोळीबार झाला, हे चौथे. राजदूत गालब्रेथ शेवटच्या दिवसापर्यंत नेहरूंना थांबवू पाहत होते आणि अमेरिकेने छापलेल्या कागदांत त्यांच्या तारा आहेत. सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर व्हासाल्लो ई सिल्व्हा यांना अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला आणि त्यांनी तो पाळला नाही. सालाझारचे कागद लिस्बनमध्ये आहेत. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज प्रशासनाचे दप्तर आहे, पुण्यात गोवा विमोचन सहायक समितीच्या चळवळीच्या खुणा वर्तमानपत्रांत आणि कार्यकर्त्यांच्या घरांत विखुरलेल्या आहेत. राज्यातल्या जनमताचा केंद्राच्या परराष्ट्र धोरणावर किती परिणाम होतो, हा सध्या जगभर गाजणारा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी करायला याहून चांगले प्रकरण शोधून सापडणार नाही. पोर्तुगीज वाचता येणारा आणि मराठी-कोंकणीतला हस्तलिखित पत्रव्यवहार लावता येणारा माणूस त्यासाठी हवा. तसे तरुण गोव्यात आहेत. अडेल ते दिल्लीत. मेनन यांच्या निवडणुकीचा वाटा किती आणि आफ्रिकेच्या दबावाचा किती हे ठरवायचे, तर नोव्हेंबर अखेर ते १७ डिसेंबर या काळातल्या मंत्रिमंडळाच्या आणि संरक्षण खात्याच्या नोंदी लागतील, आणि पहिले काही महिने त्या नेमक्या कुणाच्या ताब्यात आहेत हे शोधण्यातच जातील.